झोपेचा सौदा

भरतेश मगदूमनं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत रात्र पाहिलेली नव्हती. हे मी सांगतोय म्हटल्यावर तुम्ही निम्मं सोडून देणार, हे मला ठाऊक आहे. सोडा. निम्मं सोडलं तरी एकवीस वर्षं उरतात.

घर जैनांचं. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकून ताटं धुऊन पालथी. त्यानंतर माणसानं जागं राहून करायचं तरी काय, असा त्याचा रोकडा सवाल. आठाला जांभई, साडेआठाला अंथरूण, आणि त्यानंतर असं घोरणं, की समोरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्यांनी एकदा 'रात्रीची गिरणी बंद ठेवा' म्हणून निरोप धाडला होता.

दिवसा मात्र तो सांगलीच्या हळद बाजाराचा राजा. बाकीचे बाजार तोवर पडद्यावर गेले होते. व्यापारी घरी बसून बोट टेकवायचा आणि माल परस्पर चाकं लावून निघायचा. आमच्या बाजारात हळद अजून तोंडानं विकली जायची, कारण भरतेशचं तोंड. ढिगाशी उभा राहून तो पुकारायचा, "बोला शेठ, बोला, हळकुंड मोडून बघा, आतनं सोनं निघतंय, एऽकवार... दोऽनवार..." आणि तिसऱ्या वाराआधी श्वासाएवढा थबकायचा. त्या एका श्वासात भलेभले व्यापारी घाबरून बोली वाढवत. मी त्याच बाजारात तोलार होतो. पोती वजनाला लावता लावता हे रोज ऐकायचो. गाणं मात्र त्याला अजिबात जमत नसे. मंदिरात तो आरतीला उभा राहिला की शेजारचे लोक घंटा जोरात वाजवत.

आणि अशा माणसाची बायको ऋजुता मगदूम! गाणं स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची, स्वतः गायची. रिक्षात, वरातीत, जिममध्ये, जिथं जाल तिथं तिचा आवाज. तिच्या नव्या अल्बमचं नाव ठरलं होतं 'रात्रपाळी'. रात्रीच्या ड्यूटीला निघालेली नर्स, साखर कारखान्याची शेवटची पाळी, हायवेवर पंक्चर काढणारा, बाळ झोपत नाही म्हणून खिडकीशी उभा असलेला बाप. आठ गाण्यांचे शब्द लिहून तयार होते. चाल एकाचीही नव्हती. मुंबईच्या गाण्यांच्या कंपनीचा निहाल सबनीस रोज फोन करून अत्यंत आदरानं तिचा जीव खात असे.

त्यांची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये एक कठडा. मला म्हाताऱ्याला झोप कुठली? मी पलीकडे पाहायचो, तर ही बसलेली.

"काय शोधतीयस गं?"

"चाल, आप्पा. रात्र ऐकतेय."

"मग? काय म्हणतीय रात्र?"

"दोन कुत्री आणि टाकीत पाणी चढवणारी मोटार."

शेवटी निहालनं एक यंत्र धाडलं. खोक्यावर 'सुप्तश्रुती' असं भारदस्त नाव होतं. आत निघालं मऊ लोकरीचं, गळ्याशी बंद असलेलं टोपडं. ते कसं चालतं ते ऋजुतानं मला समजावून सांगितलं. ते मी तुम्हाला सांगतो, आणि एवढ्यापुरतं तरी माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवा.

आपण मनातल्या मनात गाणं म्हणतो तेव्हा बाहेर आवाज नसतो, पण मेंदूतला ऐकण्याचा कोपरा कामाला लागलेला असतो. तिथल्या पेशींतून बारीक वीज धावते. आणि वीज आली की तिच्याभोवती चुंबकत्व आलंच. शाळेत तारेजवळ होकायंत्र नेल्यावर सुई हललेली आठवत असेल. डोक्याबाहेर पोचेपर्यंत हे चुंबकत्व इतकं क्षीण होतं, की पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे ते म्हणजे कोयनेच्या धरणात पळीभर पाणी. तेवढंही पकडायचं म्हणून त्या टोपड्यात मोहरीएवढ्या काचेच्या कुप्या शिवल्या होत्या. कुपीत धातूची वाफ, वाफेतून लेसरचा किरण. चुंबकत्व जरा हललं की वाफेतले अणू डुलतात, किरण मंद होतो, आणि यंत्राला कळतं.

पण नुसतं हललेलं कळून काय उपयोग? म्हणून पहिले काही दिवस टोपडं आपल्या कानात हळूच ओळखीचे सूर सोडतं आणि कोणत्या सुराला या डोक्यात कोणती लाट उठते ते शिकून घेतं. मग ते उलट वाचायला लागतं. लाट दिसली की सूर ओळखतं. आणि झोपेत लाटांना तोटा नसतो. दिवसभर कानावर पडलेलं सगळं मेंदू रात्री पुन्हा उचलतो, इकडची पोती तिकडे लावतो, काही फोडतो, काही एकात एक ओततो. आपण सकाळी उठतो तेव्हा ती हमाली संपलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

ऋजुतानं टोपडं घातलं. त्याला तिचं डोकं कळायला लागलं तेव्हा पहिल्यांदा निघाली साबणाची जाहिरात. नंतर निघालं तिचंच जुनं गाणं. मग एके सकाळी तिनं बटण दाबलं तर तिच्या झोपेतून स्वच्छ आवाज आला, "मॅम, काही अपडेट?"

"आप्पा," ती म्हणाली, "माझ्या स्वप्नातसुद्धा निहाल येतो."

तिनं टोपडं काढून उशीवर टाकलं आणि पुन्हा गच्ची धरली.

जानेवारीतली थंडी. भरतेशची कानटोपी धुवायला गेलेली. आता आपल्याकडचा पुरुष एक वेळ पांघरुणाशिवाय झोपेल, कानटोपीशिवाय नाही. उशीवर लोकरीचं, बंदांचं काहीतरी दिसलं. त्यानं ते चढवलं, हनुवटीखाली गाठ मारली. टोपडं त्याच्या कानात गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार, शांत पडून राहा."

"बरं," भरतेश म्हणाला आणि झोपला.

टोपी उबदार निघाली, म्हणून तो ती रोज घालू लागला. ऋजुता पहाटे खाली यायची तेव्हा तो उठून गेलेला असायचा. त्यामुळे कित्येक दिवस तिला पत्ताच नाही. मग एकदा यंत्र खोक्यात भरून परत पाठवायचं म्हणून तिनं ते हातात घेतलं, तर आत नवं काहीतरी साठलेलं.

तिनं मला कठड्यावरून हाक मारली. दोघांनी ऐकलं. काय सांगू तुम्हाला! सुरुवातीला पायऱ्या चढल्यासारखी एक एक सूर वर जाणारी चाल. वर गेल्यावर अंधारात पुढची पायरी आहे की नाही हे पायानं चाचपून पाहावं, तशी ती थबकायची. आणि आपला जीव वर टांगलेला असतानाच टप्पकन खाली यायची. ऋजुतानं नर्सच्या गाण्याचे शब्द त्यावर ठेवून पाहिले. हातमोज्यात हात जावा तसे बसले.

"माझ्या डोक्यातलं नाही हे," ती पुटपुटली. "ह्या घरात दुसरं डोकं एकच आहे."

"त्याचं?" मला हसूच फुटलं. "अगं, तो आरती म्हणतो तेव्हा—"

"शू!"

जिन्यात भरतेशची पावलं वाजली. वर आल्यावर त्यानं तिच्या हातातली टोपी पाहिली. "ऋजू, झक्क आहे गं ही टोपी. कसली आहे?"

खरं सांगायला तिच्याकडे अख्खा एक क्षण होता. मी मोजला.

"घोरण्यावरची," ती म्हणाली.

मी घाईघाईनं कुंडीतल्या जास्वंदीकडे पाहू लागलो.

त्यानंतर काय विचारता! भरतेश दिवसभर बाजारात ज्याला त्याला टोपीचे गुण सांगू लागला. "घोरणं साफ गेलं बघा. बायकोनं आणली." आणि रात्री त्याच्या झोपेतून एकेक चाल उतरू लागली. पंक्चरवाल्याची उडती, कारखान्याच्या पाळीची जड पावलांची, बापाची तर अशी, की ऐकता ऐकता मी स्वतः डुलकी काढली. गंमत बघा, ज्या माणसानं रात्र पाहिली नाही, त्याच्याच डोक्यात सगळ्या रात्रीचं गाणं भरलेलं.

ऋजुता खुशीत होती. फक्त एक झालं. भरतेशला सवय होती, की जेवताना बाजारातली हकिगत सांगायची. कोण कुणाशी भांडला, कुणाची हळद किडकी निघाली, कोणी मिशीत हसत भाव पाडला. ऋजुता ते ऐकायची, खोदून विचारायची, दोघं हसायची. आता तो म्हणायचा, "आज काय झालं माहितीय—" की ही म्हणायची, "उद्या सांग हं. झोप आता." आणि हातात टोपी.

आठही चाली झाल्या. 'चाली माझ्याच डोक्यातल्या' असं तिनं निहालला सांगून टाकलं होतं. त्यानं पहिलं गाणं, नर्सचं, बाजारात सोडलं. दोन दिवसांत ते गावभर झालं, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या हळदीच्या शेडमध्ये कुणाच्या तरी फोनवर वाजलं.

हमाल पोती उचलत होते. गाणं सुरू झालं आणि मी पाहिलं, सगळ्यांची पावलं एका लयीत पडायला लागली. चाल थबकली तशी सगळ्यांची पोती हवेत थबकली. चाल खाली आली आणि धप्प! सगळी पोती एकदम थप्पीवर.

हमालांचे मुकादम रसूलभाई मुजावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "साहेब," ते भरतेशला म्हणाले, "हा तर तुमचा सौदा आहे."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. एकवार, दोनवार, आणि मग ते तुमचं श्वास धरणं. तेवीस वर्षं ह्यावर पाय टाकतोय मी. माझ्या गुडघ्याला विचारा."

सगळे हसले. भरतेशही हसला. मग त्यानं ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं, आणि या खेपेला तो हसला नाही. दुपारचे सौदे सोडून घरी आला. मीही काटा सोडून मागोमाग आलो आणि अर्थातच कठड्याशी होतो.

"ऋजू, मी अजून घोरतो का?"

तिनं हातातली वही मिटली. मग, "हो."

"खूप?"

"पूर्वीसारखंच."

"मग टोपी कसली आहे?"

तिनं सगळं सांगितलं. मला वाटलं आता आभाळ फाटणार. भरतेश म्हणाला, "म्हणजे मी गातो?"

"झोपेत."

"चांगला?"

"माझ्यापेक्षा."

अहो, गडी असा फुलला! दुसऱ्या दिवसापासून बाजारात गळ्याला मफलर. सौदा पुकारायचा तो कुजबुजत. "काय झालं?" विचारलं तर म्हणतो, "आवाज जपतोय, आप्पा." झोपेत तोंडानं गात नाही रे बाबा, म्हटलं, तर म्हणतो, "तुम्हाला कलेतलं काय कळतं?" त्या कुजबुजण्यापायी हळदीचा भाव पडला आणि वाळवा-तासगावचे शेतकरी त्याच्याकडे डोळे वटारून पाहू लागले.

अशाच एका संध्याकाळी ताटावर बसल्यावर तो म्हणाला, "आज काय झालं माहितीय—"

आणि ऋजुताच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "उद्या सांग. झोप आता."

भरतेशनं घास खाली ठेवला.

"तुला मी पाहिजे की माझी झोप?"

"भरतेश, तसं नाही रे—"

"चाली घेतल्यास, घे. माझ्याच आहेत हे मला ठाऊकही नव्हतं, मला काय फरक पडतोय? पण दोन महिने तू माझं एक वाक्य पुरं ऐकलेलं नाहीस, ऋजू. मी बोलायला लागलो की तू मला निजवतेस. मी काय हळद आहे? शिजवायची, वाळवायची, पोत्यात घालायची?"

त्यानं टोपी टेबलावर ठेवली. आणि त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा त्याला झोप लागली नाही.

गच्चीवर आला तो भुतासारखा. मी पलीकडे होतोच.

"आप्पा, ते काय चमकतंय?"

"गुरू."

"रोज असतो?"

"तू जन्मायच्या आधीपासनं."

"कमाल आहे," तो म्हणाला आणि कठड्याला टेकून बसला. "एवढं सगळं इथं चालू असतं आणि ही एकटीच बसायची होय इथं?"

इकडे ऋजुतानं निहालला खरं सांगितलं. निहालचा आदर एका झटक्यात संपला. तोवर कायदा आलेला होता, की डोक्यातलं ज्याचं त्याचं. झोपेतला सूरसुद्धा मालकाच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. भरतेशचा अंगठा नाही तर 'रात्रपाळी' नाही. बाजारात सोडलेलं गाणं मागे घ्यावं लागणार, आणि ऋजुताशी केलेला करारही संपणार.

निहाल स्वतः सांगलीला आला. भरतेशसमोर अंगठा घ्यायचं यंत्र धरून म्हणाला, "सर, फक्त इथं अंगठा."

भरतेशचे डोळे जागरणानं हळकुंडासारखे झाले होते. "देतो की. पण इथं नाही. आमच्यात रात्री गोदामातनं माल हलला तर त्याला चोरी म्हणतात. माल उजेडात यायला पाहिजे, ढिगावर ओतायला पाहिजे, मालक शेजारी उभा पाहिजे. मग पुकारायचं. जो जास्त बोलेल त्याचा माल."

"म्हणजे... लिलाव?" निहाल म्हणाला. "झोपेचा?"

"सौदा," भरतेश म्हणाला. "उद्या, हळदीचं आटोपलं की."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापारी, अडते, हमाल, हळद विकायला आलेले आणि हळद विकून झालेले. ऋजुता एका बाजूला पोत्यावर बसलेली. तिच्याकडं पाहवत नव्हतं. आठ गाणी गेली तर गेली, पुन्हा लिहीन, असं ती मला सकाळी म्हणाली होती. "पण आप्पा, तो आता मला काहीच सांगत नाही. जेवताना नुसतं मीठ मागतो."

भरतेश ढिगावर चढला. कर्ण्यावर एकामागून एक आठही चाली वाजल्या. मग त्यानं मफलर काढून फेकला आणि कित्येक दिवसांनी त्याचं खरं तोंड उघडलं.

"बोला शेठ, बोला! मगदुमाची झोप, घरची, बिनभेसळ, एक घोरणं मोफत! बोला!"

हशा झाला. एक व्यापारी म्हणाला, माझ्या पोरीच्या वरातीला पाहिजे. दुसऱ्यानं त्याच्यावर बोली चढवली. तासगावचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, माझी म्हैस ह्यावर पान्हा सोडेल काय, आधी ते सांगा. मग निहाल कंपनीचा आकडा बोलला आणि शेड गार पडलं. तो आकडा मी सांगत नाही, तुम्ही निम्मा सोडलात तरी खोटाच वाटेल.

"एऽकवार," भरतेश म्हणाला. त्याची नजर ऋजुताकडे. "दोऽनवार..."

ऋजुता उठली. रसूलभाईंच्या खांद्यावरचा टॉवेल तिनं ओढून घेतला आणि तशीच ढिगावर चढली. पाय हळदीत रुतत होते, साडी पिवळी होत होती. भरतेशसमोर उभी राहून तिनं टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

बाजारातली जुनी माणसं एकदम ओरडली. कारण हे त्यांना माहीत होतं. फार पूर्वी बाजारात बोली तोंडानं होतच नसे. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात कापडाखाली भेटायचा, बोटं दाबून भाव ठरायचा, आणि तो त्या दोघांखेरीज कुणाला कळायचा नाही. पुढे सरकारनं ते बंद केलं, त्यात लबाडी चालते म्हणून. चालायचीच.

टॉवेलाखाली बरंच काही हललं. मग हलायचं थांबलं आणि दोन हात तसेच राहिले. ज्या माणसाचं तोंड बाजारात कधी मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, तो नुसता उभा. एकदा त्यानं मान हलवली, नाही म्हणून. ऋजुतानं पुन्हा बोटं दाबली. त्याच्या मिशा हलल्या.

"तीनवार!" तो ओरडला. "माल हिचा!"

"एक मिनिट!" निहाल ढिगाच्या पायथ्याशी धावला. "बोली किती झाली? आकडा कळायला हवा!"

"टॉवेलाखालचं टॉवेलाखाली," रसूलभाई म्हणाले.

"माझ्याहून जास्त?"

"मुंबईला परवडणार नाही," भरतेश म्हणाला. "पण घाबरताय कशाला? माल हिनं घेतला आणि तुमचा करार हिच्याशीच आहे. आणा इकडं, कुठं अंगठा द्यायचा ते सांगा."

निहालनं आधी तोंड उघडलं, मग यंत्र पुढं केलं. भरतेशनं हळदीचा अंगठा त्याच्या काचेवर उमटवला. यंत्रानं तीनदा 'बोट स्वच्छ करा' म्हटलं.

'रात्रपाळी' आला, गाजला. त्यावर 'चाल: भरतेश मगदूम, झोपेत' असं लिहिलंय, तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्या मागं सगळ्या गावानं टोपडी आणली. आमच्या एका अडत्याच्या झोपेतून फक्त म्हशीचं हंबरणं निघालं आणि त्याच्या बायकोनं ते जपून ठेवलंय, भांडणात लावायला.

पण त्या दिवशी शेडमध्ये पुढं काय झालं ते ऐका. सौदा तुटला, म्हणजे भाव पक्का झाला, की माल घेणाऱ्यानं त्याच दिवशी उचलायचा, हा बाजाराचा नियम. ऋजुतानं टॉवेल काढला नाही. तसाच हात धरून ती त्याला ढिगावरून खाली घेऊन आली आणि गर्दीतून वाट काढत दोघं निघाली. तो तिला सांगत होता, "त्या तासगावच्या म्हाताऱ्याची म्हैस आहे ना, तिची मूळ गोष्टच वेगळी आहे—" आणि ती विचारत होती, "का? काय झालं?"

दिवस मावळेपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरातून हसणं ऐकू येत होतं. मावळल्यावर दोघं गच्चीवर आली. मी कठड्याशी होतोच, पण त्यांनी पाहिलं नाही, म्हणून मी भल्या माणसासारखा खाली गेलो.

टॉवेलात काय भाव ठरला, ते विचारू नका. माझ्याकडं तीन हकिगती आहेत आणि तिन्ही मीच रचलेल्या आहेत. रसूलभाई अधूनमधून त्यांच्या दाराशी जातात, चहा पितात, म्हशीची गोष्ट ऐकतात आणि हात हलवत परत येतात. टॉवेल काही अजून मिळालेला नाही.